स्टॉर्मवर्क्समध्ये मर्लिन इंजिन: बारा सिलिंडर लावूनही स्पिटफायर नीट का उडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही स्टॉर्मवर्क्स या वाहनं बांधायच्या व्हिडिओ गेममध्ये स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान बांधताय आणि त्यात त्याचं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन हुबेहूब बसवायचंय. मोजून बारा सिलिंडर लावले. लहान सिलिंडर घेतले तर विमान धावपट्टी सोडत नाही, मोठे घेतले तर सुसाट सुटतं आणि थोड्या वेळात इंजिन तापून मरतं. म्हणून तुम्ही विचारलंय, की मर्लिनच्या 137 मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) खेळातला कोणत्या मापाचा सिलिंडर जुळतो. आणि पुढे जमलं तर सुखोईचं जेट इंजिनही करायचंय.

सिलिंडरच्या मापाचं उत्तर सोपं आहे: जो जागेत बसेल तो घ्या. खेळातल्या सिलिंडरला बोअर नाही, स्ट्रोक (पिस्टनची धाव) नाही, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) नाही. त्याला हवा आणि इंधन मिळतं, त्या बदल्यात तो क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या दांड्याला) टॉर्क म्हणजे पीळ देतो आणि तापतो. इंधनही डिझेल. मर्लिन ज्यावर चालायचं ते पेट्रोल खेळात मिळतच नाही. त्यामुळे मर्लिनचे 27 लिटर तिथे कुठे सापडणार नाहीत, आणि सिलिंडरची संख्या जुळवून तर काहीच जुळत नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. मर्लिनची नेमकी कोणती गोष्ट विमानाला जाणवते, हे ठरायच्या आधीच तुम्ही बांधायला बसलात.

माझं पोटापाण्याचं काम चाकणला डिझेल इंजिनं डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चालवून बघण्याचं. तिथल्या खोलीत इंजिन म्हणजे एक आलेख. किती आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) शाफ्टवर किती टॉर्क, त्यासाठी किती इंधन, आणि उष्णता कुठे गेली. झाकणाखाली सहा सिलिंडर आहेत की आठ, याच्याशी गिअरबॉक्सला काही देणंघेणं नसतं. विमानाच्या बाबतीत त्या आलेखाला आणखी एक अक्ष लागतो, तो उंचीचा. हा आलेख खेळात उतरवला की पायलटच्या हाताला ते इंजिन मर्लिनसारखं लागतं. बाकीचा भाग दिसण्याचा.

पण हे तुम्हाला काय हवंय त्यावर अवलंबून आहे. बॉनेट उघडून मित्रांना दाखवायचं असेल तर माझं पुढचं बरंचसं बोलणं सोडून द्या, आकारावर वेळ घाला. त्यातही एक मर्यादा आहे. खेळातला ठोकळा 25 सेंटिमीटरचा, आणि त्या चौकोनी जाळीत मर्लिनच्या सिलिंडरांच्या दोन रांगांमधला 60 अंशांचा व्ही बसत नाही. सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या रेडियल इंजिनांचं तर विचारूच नका. डकोटा विमानाच्या ट्विन वास्प इंजिनात सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा असतात. फोर-स्ट्रोक रेडियलमध्ये एक सोडून एक सिलिंडर पेटत जातो आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी यावी लागते, म्हणून एका रांगेतली संख्या विषम ठेवतात. सात कोनांत विभागलेलं वर्तुळ चौकोनी ठोकळ्यांत कसं बसवणार? अशा वेळी दिसायला पोकळ कवच आणि चालायला मागे लपवलेलं साधं इंजिन, हाच मार्ग. याला कोणी फसवणूक म्हणत असेल तर म्हणू दे.

एक सुखद योगायोग मात्र आहे. मर्लिन 61 ही नंतरची आवृत्ती साधारण 225 सेंमी लांब, 78 सेंमी रुंद आणि 102 सेंमी उंच. म्हणजे जवळजवळ 9 × 3 × 4 ठोकळे. वजन 744 किलो. एवढ्या पेटीत क्रँक, सिलिंडर, मॅनिफोल्ड, स्टार्टर बसवा. वजन कमी पडलं तर वेट ब्लॉक टाका, पण खऱ्या इंजिनाचा गुरुत्वमध्य जिथे असेल तिथेच टाका. नाक हलकं राहिलेलं स्पिटफायर आकाशात कसं वागतं याचा दोष इंजिनाला द्यायला नको.

आता आकडे. एक आरपीएस (सेकंदाला एक फेरी) म्हणजे साठ आरपीएम. मर्लिन 3,000 आरपीएमला चालतं, म्हणजे 50 आरपीएस. खेळातलं इंजिन तेवढ्या फेऱ्यांना पोचवायचा हट्ट धरू नका. जिथे ते न तापता सुखाने चालतं तो वेग पूर्ण वेग माना आणि कॉकपिटमधल्या मीटरला जाणाऱ्या आकड्याला योग्य त्या संख्येने गुणा. पायलटला 3,000 दिसले की काम झालं.

ताकदीचा आकडा मात्र नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक जण चुकीचा घेतात. सुरुवातीच्या मर्लिन 3 ची ताकद पुस्तकात 1,030 अश्वशक्ती दिलेली असते. ती जमिनीवरची नाही, सुमारे 16,250 फुटांवरची आहे, 6.25 पौंड बूस्टला (बूस्ट म्हणजे सुपरचार्जर, हा इंजिनात हवा कोंबणारा पंप, देतो तो जादा दाब). टेकऑफला तेच इंजिन साधारण 880 अश्वशक्ती देतं. पुढे 100 ऑक्टेनचं, म्हणजे जास्त दाब सोसणारं, पेट्रोल आलं, बूस्ट 12 पौंडांपर्यंत चढवता आला, आणि त्याच इंजिनातून 1,310 अश्वशक्ती निघाली, पण ती 9,000 फुटांवर. इंजिनाचे लिटर तेवढेच राहिले, बदललं ते सिलिंडरमध्ये कोंबलेल्या हवेचं प्रमाण.

डायनोवर आम्ही ही तुलना बीएमईपीने करतो, म्हणजे पॉवर स्ट्रोकभर पिस्टनवर सरासरी किती दाब होता असं समजायचं. मर्लिन 3 चा हिशेब मांडला तर 1,030 अश्वशक्तीला तो साडेअकरा बारच्या आसपास येतो आणि 1,310 ला साडेचौदाच्या आसपास. टायगर मॉथ या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या, सुपरचार्जर नसलेल्या जिप्सी मेजर इंजिनाला तो आठ बार निघतो. म्हणून लिटरवरून ताकदीचा अंदाज बांधू नका. तो बांधायला लागणारी माहिती खेळातल्या सिलिंडरकडे नाहीच.

मग मोजायचं कशाने? खेळात अश्वशक्ती दाखवणारं विश्वासाचं साधन मला मिळालेलं नाही, म्हणून मी तुलनेने मोजतो. तुम्हालाही सांगेन: आधी मर्लिन बाजूला ठेवा आणि जिप्सी मेजर करा. चार सिलिंडर एका रांगेत, उलटे टांगलेले, क्रँक वर. 118 मिमी बोअर, 140 मिमी स्ट्रोक, 6.12 लिटर, 2,350 आरपीएमला 130 अश्वशक्ती. प्रॉपेलर थेट क्रँकवर, सुपरचार्जर नाही, पाणी नाही, रेडिएटर नाही. आकार जवळपास 5 × 2 × 3 ठोकळे. आणि आपल्याला हे घराणं परकं नाही. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानात याच इंजिनाचा आधीचा भाऊ होता, 120 अश्वशक्तीचा जिप्सी 3.

जिप्सी बरोबर झालं हे कसं कळणार? टायगर मॉथ बांधा, वजन 828 किलोच्या आसपास ठेवा आणि चढ मोजा. खरं विमान समुद्रसपाटीला मिनिटाला साधारण 670 फूट चढतं, म्हणजे सेकंदाला 3.4 मीटर. मी कमाल वेगापेक्षा चढीवर जास्त विश्वास ठेवतो. कमाल वेगात हवेचा विरोध मिसळलेला असतो आणि खेळातला तो विरोध ढोबळ असतो. चढ म्हणजे उरलेल्या ताकदीने वजन उचलणं, त्यात लबाडीला जागा कमी. हिशेबही सोपा: वजन, गुरुत्व आणि चढीचा वेग यांचा गुणाकार साधारण 28 किलोवॉट येतो. शाफ्टवरची ताकद 97 किलोवॉट, त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून कमी चढायला उरते. बाकीची प्रॉपेलर आणि तारा-दांड्यांनी भरलेले ते दोन मजली पंख खातात. तुमचं खेळातलं टायगर मॉथ मिनिटाला दोन हजार फूट चढत असेल तर इंधनाची कमाल मर्यादा कमी करत जा, सिलिंडर काढू नका.

आता हे जिप्सी तुमचं मोजमाप झालं. मर्लिन 3 म्हणजे 16,250 फुटांवर साधारण आठ जिप्सी आणि टेकऑफला पावणेसात. टेस्ट बेंच असा बांधा: जमिनीला पक्की केलेली चौकट, त्यावर इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स, मग एकसारखे जनरेटर. जनरेटरच्या पुढे बॅटरी आणि वीज सतत खर्च करणारं काहीतरी ठेवा, नाहीतर बॅटरी भरत गेली की वाचन सरकतं अशी शंका मनात राहते. जिप्सी एका ठरलेल्या आरपीएसला जेवढे जनरेटर ओढतं, त्याच्या आठपट जनरेटर मर्लिनने त्याच आरपीएसला ओढले पाहिजेत. आठपट बांधायला जागा नसेल तर जिप्सीला एक लहान आणि मर्लिनला चार लावून अर्ध्या इंधनावर बघा, पण मग इंधन आणि ताकद सरळ प्रमाणात आहेत का, हे आधी तपासून घ्यावं लागेल. मला विचाराल तर जागा करा.

बेंचवर दुसरी गोष्ट बघायची ती तापमान. तुमचं इंजिन तापून मरतंय त्याचं कारण बहुधा मिश्रणात आणि थंड पाण्याच्या प्रवाहात आहे. खेळात हवा आणि इंधन यांचे थ्रॉटल (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपा) वेगवेगळे असतात आणि सिलिंडरकडून हवा, इंधन आणि तापमान यांचं वाचन मिळतं. दोन्ही थ्रॉटल एकाच लीव्हरला बांधून टाकले तर मिश्रण सगळ्या वेगांना योग्य राहत नाही. हवेचा थ्रॉटल लीव्हरला द्या आणि इंधनाचा एका पीआयडीला, म्हणजे चूक बघून स्वतः दुरुस्त करत राहणाऱ्या नियंत्रकाला, जो प्रमाण सांभाळेल. हे जमेपर्यंत रेडिएटर वाढवत बसू नका. खरं स्पिटफायरही जमिनीवर फार वेळ रांगत ठेवलं तर तापायचंच, म्हणून उभ्या विमानात तापमान हळूहळू चढत असेल तर तो दोष समजू नका. तो ठेवाच.

यानंतर रिडक्शन गिअर, म्हणजे प्रॉपेलरचा वेग इंजिनापेक्षा कमी करणारा. मर्लिन 3 चा प्रॉपेलर इंजिनाच्या 0.477 पट वेगाने फिरतो. कारण सरळ आहे. सव्वातीन मीटरचा प्रॉपेलर 50 आरपीएसने फिरवला तर पात्यांची टोकं सेकंदाला 500 मीटरहून जास्त वेगाने जातील, ध्वनीच्या बरीच पुढे, आणि ताकद गोंगाटात जाईल. 0.477 ने गुणलं की टोकांचा वेग 245 मीटरच्या आसपास येतो. खेळातल्या गिअरबॉक्समध्ये ठरावीक गुणोत्तरंच मिळतात. 2:1 घ्या, कोणाला फरक कळणार नाही. जिप्सीला मात्र गिअरबॉक्स अजिबात लावू नका, कारण थेट क्रँकवरच्या प्रॉपेलरचा तो जड, उशिरा उठणारा स्वभाव हीच त्याची ओळख आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, उंची. इथेच मर्लिन बाकीच्यांपासून वेगळं पडतं.

सुपरचार्जर इंजिनाला गिअरने जोडलेला असतो, म्हणून पूर्ण आरपीएमला तो हवेचा दाब ठरावीक पटीनेच वाढवू शकतो. जमिनीवर हवा दाट. तिथे त्याला मोकळं सोडलं तर सिलिंडरमध्ये झेपणार नाही इतका दाब भरेल, म्हणून आपोआप चालणारं बूस्ट कंट्रोल थ्रॉटल अर्धवट मिटून ठेवतं. विमान चढत जातं, हवा विरळ होते, तसं ते थ्रॉटल उघडत जातं. एका उंचीला थ्रॉटल पूर्ण उघडतं. त्यापुढे देण्यासारखं काही उरत नाही आणि ताकद पडू लागते. त्या उंचीपर्यंत ताकद उलट थोडी वाढते, कारण आत येणारी हवा थंड असते, मिटलेल्या थ्रॉटलचा अडथळा कमी होत जातो आणि धूर बाहेर ढकलायला विरोध कमी होतो. म्हणून टेकऑफला 880 आणि वर 1,030. आणि म्हणूनच 12 पौंड बूस्टला ती उंची 9,000 फुटांवर उतरते. पट तीच, पण अंतिम दाब जास्त हवा असेल तर सुरुवातीची हवाही दाट हवी.

खेळात हे सगळं एका मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे आपण नियम लिहून देतो त्या ठोकळ्यात, मावतं. अल्टिमीटर मीटरमध्ये उंची देतो. लुआ या खेळातल्या प्रोग्रामिंग भाषेत तीन बिंदूंचा तक्ता करा: शून्य मीटरला 0.85, साधारण 4,950 मीटरला 1.0, आणि 7,600 मीटरला 0.75. मधल्या उंचीसाठी सरळ रेषेने किंमत काढा. तिसरा बिंदू मी हवेच्या घनतेवरून ढोबळ काढलाय, तेवढा पुरतो. या किमतीने पायलटच्या थ्रॉटलला गुणा. पण त्याआधी खेळ स्वतः उंचीवर इंजिनाला किती दमवतो ते मोजा. कोणतीही मर्यादा न लावता वेगवेगळ्या उंचीवर इंजिन पूर्ण थ्रॉटलला चालवून टिपून ठेवा. खेळाने आधीच कमी केलेली ताकद तुमच्या तक्त्याने पुन्हा कमी केली तर वीस हजार फुटांवर तुमचं स्पिटफायर बैलगाडी होईल. खेळाच्या आकड्याने तक्त्याला भागा, मग वापरा. भागाकार एकच्या वर जात असेल तर जमिनीवरची मर्यादा त्या प्रमाणात खाली आणून वरती जागा करून घ्यावी लागेल. म्हणजे बेंचवर इंजिन गरजेपेक्षा थोडं दांडगंच हवं.

मर्लिन 61 करायचं असेल तर सुपरचार्जरला दोन टप्पे आणि दोन वेग. आलेख करवतीच्या दातांसारखा होतो: चढ, उतार, गिअर बदलला की पुन्हा चढ, मग शेवटचा उतार. हा बदल खऱ्या इंजिनात उंची ओळखून आपोआप व्हायचा. खेळात करताना वर जाताना एका उंचीला आणि खाली येताना त्याहून काहीशे मीटर कमी उंचीला बदल ठेवा, नाहीतर नेमक्या त्या उंचीवर सरळ उडताना गिअर सारखा इकडे-तिकडे होत राहील. आधीचं मर्लिन 20 घेतलं तर हाच बदल पायलट हाताने करायचा. खेळायला मला ते जास्त आवडतं. एक स्विच द्या आणि विसरणाऱ्याला त्याची किंमत मोजू द्या.

एक छोटी गोष्ट करून बघाच. सुरुवातीच्या मर्लिनचा कार्ब्युरेटर फ्लोटचा होता. पायलटने नाक झटक्यात खाली दाबलं की उणे जीमध्ये (वजन उलट्या दिशेला ओढल्यासारखं होतं तेव्हा) इंधन उलटीकडे जायचं आणि इंजिन खोकायचं. जर्मन डाइमलर-बेंझ इंजिनांत इंधन थेट इंजेक्ट व्हायचं, त्यांना हा त्रास नव्हता, म्हणून मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानाचा पायलट सरळ नाक दाबून निसटायचा. 1941 मध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या इंजिनिअर बिआट्रिस शिलिंग यांनी इंधनाच्या वाटेत बारीक भोकाची एक चकती बसवून त्यावर बरंचसं औषध काढलं. खेळात फिजिक्स सेन्सरवरून उभा वेग घ्या, तो किती झपाट्याने बदलतोय ते काढा. विमान मुक्तपणे पडणाऱ्या दगडापेक्षा जास्त झपाट्याने खाली ओढलं जात असेल तर सेकंदभर इंधन शून्य करा. लुआच्या मोजक्या ओळी. पण बारा सिलिंडर मोजून लावण्यापेक्षा या ओळींनी तुमचं विमान कितीतरी जास्त 1940 चं वाटेल.

कामाचा क्रम म्हणून परत सांगतो: जिप्सी, टायगर मॉथची चढ, बेंच, त्यावर आठपट मर्लिन, मिश्रणाचा पीआयडी, गिअर, उंचीचा तक्ता. कवच आणि रंग त्यानंतर.

सुखोईबद्दल थोडक्यातच, कारण तो वेगळा विषय आहे. सुखोई-30 एमकेआय आपल्या ओझरला जोडलं जातं, त्याचं एएल-31एफपी इंजिन मात्र ओडिशात कोरापुटला बनतं. पुढे पंख्याचे चार टप्पे, मग उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरचे नऊ, आणि मागे दोन टर्बाइन, दोन शाफ्ट एकात एक. खेळातल्या जेटच्या भागांनी एकात एक शाफ्ट जमवायला जाऊ नका, टप्पेही मोजू नका. इथेही आलेखच घ्या. आफ्टरबर्नरशिवाय (मागच्या झोतात जादा इंधन जाळणाऱ्या भागाशिवाय) साधारण 7,700 किलो थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, आफ्टरबर्नरने 12,500. थ्रस्ट 1.6 पट होतो पण इंधन चौपटीच्या आसपास जातं, आणि खेळाडूला जाणवायला हवा तो हाच भाग. आफ्टरबर्नरचा लीव्हर पुढे ढकलला की टाकीचा काटा डोळ्यांदेखत खाली यायला हवा. दुसरं म्हणजे उशीर. थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामध्ये बदलाचा वेग मर्यादित करणारा एक ब्लॉक टाका, म्हणजे आयडलवरून पूर्ण ताकदीला यायला काही सेकंद लागतील. हा उशीर नसेल तर धावपट्टीच्या अलीकडे वेग पडलेलं सुखोई लीव्हर ढकलताच सावरेल, आणि तसं कोणतंच जेट सावरत नाही.